छत मिटणारा पिकअप: शेव्हरले एसएसआर आणि तिच्या वजनाचा हिशेब

लोहकर (धागाकर्ता)

शेव्हरले एसएसआरचा (पूर्ण नाव 'सुपर स्पोर्ट रोडस्टर') विषय निघाला की दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, "काय देखणी गाडी आहे!" आणि दुसरी, "पण वजन बघितलंत का?" पहिलीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. दुसरीबद्दल बोलायचं म्हणून हा धागा.

वजन खरंच जास्त आहे. ४७६० पौंड, म्हणजे २१५९ किलो, आणि बसणार दोनच माणसं. पण या आकड्यावरून लोक थेट "जीएमने (जनरल मोटर्स, शेव्हरलेची मालक कंपनी) काहीतरी थातुरमातुर जुळवून दिलं" असा निष्कर्ष काढतात, तो मला अजिबात मान्य नाही. ते वजन कुठल्या निर्णयातून आलं हे पाहिलं की लक्षात येतं: तो निर्णय घेतला नसता तर ही गाडी प्रदर्शनातल्या चबुतऱ्यावरच राहिली असती.

थोडी पार्श्वभूमी. जानेवारी २००० मध्ये डेट्रॉइटच्या ऑटो शोमध्ये ही गाडी कॉन्सेप्ट म्हणून दिसली. चेहरामोहरा शेव्हरलेच्या १९४७ ते १९५५ मधल्या 'ॲडव्हान्स डिझाइन' ट्रकांवरून घेतलेला: फुगीर मडगार्ड, गोलाई घेतलेलं बॉनेट, समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी पट्टी. तो काळच जुन्या रूपाच्या नव्या गाड्यांचा होता. फोक्सवॅगनची न्यू बीटल आली होती, क्रायस्लरची पीटी क्रूझर आली, पाठोपाठ फोर्डची दोन सीटची नवी थंडरबर्ड. पण फोर्डने थंडरबर्ड प्रवासी गाडीच्या मोनोकॉक सांगाड्यावर उभी केली, म्हणजे वेगळी फ्रेम नाही, बॉडी हाच सांगाडा. जीएमने एसएसआरसाठी ट्रेलब्लेझर या एसयूव्हीची ट्रकछाप लॅडर फ्रेम (शिडीसारखा पोलादी सांगाडा) घेतली आणि ती बदलून वापरली. लांब ट्रेलब्लेझर ईएक्सटीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १२९ इंच, एसएसआरचा ११६.

आता मुद्दा. गाडीचं छत फक्त उन्हापावसासाठी नसतं. मोनोकॉक गाडीत छत, खांब, दाराखालचे सिल आणि मजला मिळून एक बंद पेटी होते. एक चाक खड्ड्यात आणि तिरकं समोरचं चाक उंचवट्यावर असलं की अख्ख्या गाडीला पीळ बसतो, तो ही पेटी पेलते. छत कापलं की पेटी उघडी पडते. मग सिल जाड करा, मजल्याखाली तिरके पट्टे मारा, काचेची चौकट मजबूत करा, असं करत ताकद परत आणावी लागते. एवढं करूनही खराब रस्त्यावर डॅशबोर्ड थरथरतो आणि मधला आरसा स्थिर राहत नाही.

फ्रेमवाल्या गाडीत इंजिन, सस्पेंशन, चाकं सगळं फ्रेमला जोडलेलं. वरच्या केबिनकडून मजबुतीची अपेक्षा मुळातच कमी. म्हणून छत काढलं तरी गमावण्यासारखं कमी असतं. हौद्याचा पिकअप करायचा, त्यात छत मिटवायचं, आणि तेही कारखान्याच्या लाइनवर, हमीसकट विकण्यासाठी. अशा वेळी हाताशी तयार असलेली मजबूत फ्रेम घेणं हाच शहाणपणाचा रस्ता होता. ते २१५९ किलो त्या रस्त्याचा टोल आहे.

छत, पत्रा आणि इंजिन यांवरही लिहायचंय, पण आधी तुमची मतं येऊ द्या.

---

रानवारा

वाचतेय. पुढचं लवकर टाका.

---

सहावा_गियर

लेख आवडला, पण एका ठिकाणी अडलो. लॅडर फ्रेम पिळाला मऊ असते हे कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा. म्हणूनच तर नेहमीच्या पिकअपमध्ये केबिन आणि हौदा वेगवेगळे असतात, मधे फट सोडलेली असते, आणि केबिन रबराच्या माउंटवर बसवतात. फ्रेम पिळली तरी केबिनला तडा जाऊ नये म्हणून. मग "मजबूत फ्रेम होती म्हणून छत काढता आलं" हे कसं?

---

लोहकर

@सहावा_गियर, प्रश्न नेमका आहे. मऊ असते ती मुख्यतः सी-आकाराच्या उघड्या रेल्सची (लांबीतल्या तुळयांची) फ्रेम. ट्रेलब्लेझरच्या कुटुंबातली फ्रेम हायड्रोफॉर्म केलेल्या बंद रेल्सची आहे. पोलादी नळी साच्यात ठेवायची, आत प्रचंड दाबाने पाणी सोडायचं, नळी फुगून साच्याचा आकार घेते. रेल हवी तिथे रुंद, हवी तिथे अरुंद, हवी तिथे वळलेली, आणि सगळीकडे बंद. (शेव्हरलेच्याच स्पोर्ट्स कारच्या, १९९७ च्या सी५ कॉर्वेटच्या रेल्सही याच तंत्राने केल्या होत्या.)

बंद आणि उघड्यात किती फरक पडतो ते आकड्यात सांगतो. मध्यरेषेवर मोजलेली १०० बाय १०० मिमीची चौकोनी नळी घ्या, पत्रा ३ मिमी. बंद नळीचा पिळाविरुद्धचा स्थिरांक येतो ३०,००,००० मिमी⁴. आता त्याच नळीला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बारीक चीर द्या. धातू तेवढाच, वजन तेवढंच. स्थिरांक उरतो ३६००. आठशे पटींहून जास्त घसरण, एका चिरेने! विश्वास बसत नसेल तर पुठ्ठ्याची एखादी नळी हातात धरून पिळून बघा, मग ती लांबीत कापून पुन्हा पिळा.

उत्तम मोनोकॉक बंद गाडी एसएसआरच्या फ्रेमपेक्षा ताठ असणारच, त्याबद्दल दुमत नाही. पण तुलना तिच्याशी नाही. छत गेल्यावर शिल्लक काय उरतं, याची तुलना आहे.

---

पत्राकाम

पत्र्याचा उल्लेख झाला म्हणून राहवलं नाही. प्रेस-टूलच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. एसएसआरची पुढची मडगार्डं बघितली की माझी नजर तिथेच अडकते.

आजच्या बहुतेक गाड्यांचं मडगार्ड उथळ असतं. त्यावरच्या धारदार रेषा दिसायला कठीण वाटतात, पण पत्रा फार खोल जात नाही. एसएसआरचं मडगार्ड खरोखर फुगीर आहे: वरून गोल, पुढून गोल, आणि खाली वळत आत जाणारं. हे डीप ड्रॉ, म्हणजे पत्रा साच्यात खोलवर ओढून आकार देणं. १९४० च्या दशकात ट्रकांची मडगार्डं अशी काढायचे, मग गाड्यांचे आकार सपाट होत गेले आणि वाहन उद्योगात एवढ्या खोलीचं काम दशकानुदशकं जवळजवळ बंदच पडलं. एसएसआरसाठी ते पुन्हा करावं लागलं.

अवघड का? सपाट पत्रा साच्यावर ठेवतात, कडेने एक रिंग त्याला दाबून धरते आणि वरून पंच, म्हणजे आकार देणारा ठोकळा, उतरतो. पत्रा कडेकडून आत सरकत साच्यात उतरला पाहिजे. रिंगचा दाब कमी पडला तर कडेला सुरकुत्या येतात. जास्त झाला तर पत्रा सरकत नाही, ताणला जातो, आणि कोपऱ्यात टर्रकन फाटतो. या दोन्हींच्या मधली पट्टी जेवढा आकार खोल तेवढी अरुंद. साध्या गोल वाटीचा नियमच बघा: पत्र्याच्या चकतीचा व्यास पंचाच्या दुपटीच्या आसपास गेला की एका फटक्यात ती वाटी निघत नाही, फाटते. मडगार्ड तर कुठल्याच बाजूने सारखं नसतं, म्हणजे प्रत्येक कोपऱ्याचं गणित निराळं.

फाटलेला तुकडा एकवेळ बरा, लगेच दिसतो. खरी डोकेदुखी म्हणजे न फाटता पातळ झालेला. वरून गुळगुळीत, आणि रंग लागल्यावर तिरक्या उजेडात बघितलं की त्यावर लाट उठलेली दिसते. आम्ही तुकड्यावर तेलाचा हात फिरवायचो आणि ट्यूबलाइटची सरळ रेघ त्यावर कशी पडते ते बघायचो. रेघ मोडली की साचा परत घासायला.

फायबरचं मडगार्ड केलं असतं तर हे सगळं टळलं असतं, वजनही उतरलं असतं. पोलादात केलं याचा मला एक कारागीर म्हणून आदर वाटतो.

---

रानवारा

@पत्राकाम, ट्यूबलाइटच्या रेघेचं फार आवडलं. यावर वेगळा धागा काढाच, मी पहिली वाचक.

---

उगाच_एक

सगळं ठीक, पण गिऱ्हाइकाच्या बाजूने बघा की. मूळ किंमत ४२,००० डॉलरच्या घरात. आणखी दोन-तीन हजार टाकले की त्याच शोरूममध्ये कॉर्वेट मिळत होती. एसएसआरला सुरुवातीला ५.३ लिटरचं व्ही८, ३०० अश्वशक्ती. ताशी ६० मैलांना ७.७ सेकंद. नावात 'सुपर स्पोर्ट' घालायचं आणि एवढं संथ धावायचं? ओढण्याची क्षमता २५०० पौंड, म्हणजे अकराशे-साडेअकराशे किलो. ट्रक म्हणून घ्यावी तर ओढत नाही, स्पोर्ट्स कार म्हणून घ्यावी तर पळत नाही. वजन समर्थनीय आहे हे मानलं, तरी गिऱ्हाइकाने त्याचे पैसे का द्यावेत?

---

लोहकर

@उगाच_एक, यातलं निम्मं मला मान्य आहे. ३०० अश्वशक्ती या गाडीला कमीच होती. टनामागे साधारण १३९. जीएमलाही ते कळलं आणि २००५ साली ६.० लिटरचं एलएस२ इंजिन बसवलं, तेच जे त्या वर्षी नव्या सी६ कॉर्वेटमध्ये आलं. एसएसआरमध्ये ३९० अश्वशक्ती, म्हणजे टनामागे १८० च्या आसपास, आणि हवा असेल तर ट्रेमेकचा सहा गियरचा मॅन्युअल गियरबॉक्स. साठचा आकडा साडेपाच सेकंदांच्या आसपास आला. फ्रेम तीच, छत तेच, वजनही जवळपास तेच. म्हणजे अडचण सांगाड्यात नव्हती. पहिल्याच वर्षी हे इंजिन मिळालं असतं तर गाडीची पहिली ओळखच वेगळी झाली असती. हे चुकलंच, आणि त्याची किंमत मोठी होती.

ओढण्याच्या क्षमतेवरून मात्र ट्रक ठरवू नका. मागे २९५ मिमी रुंद टायर आणि २० इंची चाकं, पुढे १९ इंची. हे ओझं वाहायचं गणित नाहीच. पण मागचा ॲक्सल ट्रकासारखाच सलग आहे (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर), पाच लिंक आणि कॉइल स्प्रिंगवर. पुढे दुहेरी विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्र. मागच्या चाकांवर एवढी ताकद टाकताना तो सलग ॲक्सल दणकट पडतो, पण एका बाजूला खड्डा लागला की दुसऱ्या बाजूलाही कळतं.

---

निळी_छत्री

मी मिशिगनमध्ये राहते. लान्सिंगला, जिथे ही गाडी तयार व्हायची, तिथून फार लांब नाही. उन्हाळ्यात गाड्यांचे मेळावे भरतात तिथे एसएसआर हमखास दिसते. एकदा एका मालकाने माझ्या मुलासाठी छत उघडून दाखवलं, ते सांगते.

बटण दाबून धरलं. आधी काचा खाली गेल्या. मग केबिन आणि हौदा यांच्यामधलं झाकण उचललं गेलं. ते एरवी बंद असताना तिथे काही उघडत असेल अशी शंकासुद्धा येत नाही. छताचे दोन भाग सुटे झाले आणि एकामागे एक, उभेच्या उभे, सीटच्या पाठीमागच्या कप्प्यात उतरले. झाकण परत बसलं. हौद्यातलं सामान जागचं हललंही नाही. मुलगा मनात सेकंद मोजत होता, पण झाकण उचललं गेल्यावर मोजायचंच विसरला.

मला खटकलं ते एवढंच, की सीट मागे फारशी जात नाही. माझा नवरा उंच आहे, त्याचे गुडघे स्टिअरिंगच्या जवळ आले.

---

लोहकर

@निळी_छत्री, धन्यवाद! उभं उतरणं हीच त्या छताची खरी अक्कल, आणि गुडघ्यांची तक्रारही तिथूनच येते.

इतर गाड्यांची मिटणारी टणक छतं डिकीत आडवी पडतात. १९९६ च्या मर्सिडीज एसएलकेपासून तेच चालत आलं. पिकअपला डिकी नाही. छत हौद्यात पाडलं तर हौदा गेला, आणि हौदा गेला तर पिकअप कशासाठी? म्हणून छत दोन तुकड्यांत कापून उभं साठवायचं. पण उभं ठेवायचं म्हणजे तुकडा कप्प्याच्या खोलीपेक्षा लांब चालत नाही. त्यामुळे केबिन आखूड, दोनच सीट, आणि सीटमागची सगळी जागा छताच्या मालकीची. या एका निर्णयातून गाडीचं अर्ध रूप ठरलं. सगळा खेळ २४ सेकंदांचा.

हे काम अमेरिकन स्पेशालिटी कार्स म्हणजे एएससी या कंपनीने केलं. त्यांना पिकअपचं छत उडवायचा अनुभव आधीपासून होता. १९८९ ची डॉज डकोटा कन्व्हर्टिबल आठवते का कुणाला?

---

जुनं_लोखंड

आठवते म्हणजे काय! डकोटा साध्या बंद केबिनची तयार व्हायची, मग एएससीकडे जायची, तिथे छत कापून रोल बार बसवायचे आणि कापडी छत लावायचे. तीही फ्रेमवालीच, म्हणजे लोहकरांच्या मुद्द्याला दुजोराच. पहिल्या वर्षी अठ्ठावीसशेच्या आसपास गाड्या झाल्या, दुसऱ्या वर्षी नऊशेच्या आसपास, तिसऱ्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

पण त्याच्याही मागे जातो. पिकअप जन्मालाच उघडा आला! फोर्डने १५ एप्रिल १९२५ ला 'मॉडेल टी रनअबाउट विथ पिकअप बॉडी' जाहीर केली, २८१ डॉलरला. कारखान्यातून तयार मिळणारा पहिला पिकअप म्हणून तिचंच नाव घेतात. ती रनअबाउट, म्हणजे वर कापडी टप असलेली दोन सीटची उघडी गाडी, मागे छोटा हौदा. पत्र्याची बंद केबिन ही नंतरची सोय. तेव्हा "पिकअपला छत मिटवणं अनैसर्गिक" असं कुणी म्हणालं की मी हे सांगतो.

आणि टणक छत मिटवण्याचा अमेरिकेतला मोठा प्रयोग म्हणजे १९५७ ते १९५९ ची फोर्ड स्कायलायनर. सात मोटर्स, दहा सोलेनॉइड (विजेने सरकणारे खटके), दहा लिमिट स्विच (भाग जागेवर पोहोचला की दाबले जाणारे), आणि ६१० फूट वायर. संगणक नाही. एका स्विचने "माझं झालं" सांगितलं की पुढची मोटर सुरू. छत आत गेलं की डिकीत मधोमध एक टबाएवढी जागा उरायची, बाकी सगळी छताने व्यापलेली.

---

सहावा_गियर

लिमिट स्विचचं वाचून अंगावर काटा आला. माझ्याकडे मिटणाऱ्या टणक छताची एक गाडी होती (कंपनी सांगत नाही, धाग्याशी संबंध नाही). पावसात छत अर्ध्यावर थांबलं. मोटर ठणठणीत, पंप ठणठणीत. एका झाकणाखालचा स्विच नखाएवढ्या कचऱ्याने दबून राहिला होता, त्यामुळे झाकण अजून उघडं आहे अशी गाडीची समजूत. इंजिनिअरिंग कितीही अफाट असू दे, वीस वर्षांनी मालकाच्या नशिबी हे स्विच आणि दारांची रबरं. एसएसआर घ्यायची इच्छा असेल त्याने आधी तीन-चार वेळा छत वरखाली करून बघावं, एकदा गाडी उतारावर तिरकी उभी करूनही. आणि रबरांवर पाणी मारून सीटमागचा कप्पा हाताने चाचपावा.

@लोहकर, फ्रेमबद्दलचं उत्तर पटलं. आठशे पट हा आकडा घरी कागदावर मांडून पाहिला, बरोबर येतो.

---

उगाच_एक

मग चालली का नाही? २००३ ला इंडियानापोलिस ५०० या शर्यतीची पेस कार (शर्यतीच्या गाड्यांपुढे धावणारी) होती, जाहिरात कमी नव्हती. तरी एकूण चोवीस हजारांच्या आसपासच झाल्या आणि मार्च २००६ मध्ये लान्सिंग क्राफ्ट सेंटरमधलं उत्पादन थांबलं.

---

लोहकर

कारणं तुम्हीच वर दिलीत: किंमत, आणि पहिल्या वर्षीचं इंजिन. त्यात मी एक जोडेन. ही गाडी ज्याला हवी होती त्याला ती लगेच हवी होती. घरात दुसरी गाडी असलेला, हौसेने घेणारा माणूस. तो वर्ग पहिल्या दोन वर्षांत घेऊन मोकळा झाला. रोजच्या वापरासाठी घेणारा गिऱ्हाईक कधी आलाच नाही, कारण दोन सीट आणि आखूड हौदा घेऊन रोजचं काम भागत नाही. हे डिझाइनचं अपयश म्हणता येईल. सांगाड्याचं मात्र नाही.

---

रानवारा

आज कुणी अशी नवी काढली तर?

---

जुनं_लोखंड

उघडा पिकअप आजही आहे की. २०१९ ला आलेली जीप ग्लॅडिएटर. छताचे तुकडे काढा, दारं काढा, पुढची काच आडवी पाडा. तीही लॅडर फ्रेमवर. पण तिथे छत हाताने उतरवून घरी ठेवायचं असतं, अचानक पाऊस आला तर भिजा. बटणवाली नाही.

---

लोहकर

@रानवारा, माझ्या मते आज ती विजेवर करावी. बॅटरीचा खोका मजल्याखाली, दोन्ही ॲक्सलच्या मधे, सगळीकडून बंद. वर नळीचं गणित दिलंय तेच इथे लागू पडतं: बंद पेटीने घेरलेलं क्षेत्रफळ वाढलं की ताठपणा त्याच्या वर्गाने वाढतो, आणि बॅटरीच्या खोक्याचं क्षेत्रफळ कुठल्याही रेलपेक्षा कितीतरी मोठं. म्हणजे जे वजन तसंही वाहायचंच आहे तेच छताची उणीव भरून काढेल. गुरुत्वमध्यही खाली. शिवाय पुढे व्ही८ नसल्यामुळे केबिन सहा-आठ इंच पुढे सरकवता येईल आणि निळी_छत्री यांच्या यजमानांचे गुडघे सुटतील.

अडचण एकच दिसते. रेट्रो रूपाला लांब बॉनेट हवं, आणि केबिन पुढे ढकलली की ते आखूड होतं. @पत्राकाम, बॉनेट चार इंच आखूड करून मडगार्डाची गोलाई तीच ठेवली तर ड्रॉ किती खोल जाईल?

---

पत्राकाम

खोली तीच राहील, पण पुढची त्रिज्या लहान होईल, आणि फाटतं ते तिथेच. एका तुकड्यात निघणार नाही. मडगार्ड दोन तुकड्यांत काढून वरच्या कडेला जोड घ्यावा लागेल, जुन्या ट्रकांना असायचा तसा, आणि तो जोड लपवायचा नाही. त्यावर क्रोमची पट्टी बसवा. डायचं (साच्याचं) रेखाटन करून उद्या-परवा इथे टाकतो.